सिंहनंदनास शरभनंदन : देवीभक्त श्यामाशास्त्री यांचे पुण्यस्मरण

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घरोघरी घट बसतात, नंदादीप तेवू लागतो, परडीतल्या काळ्या मातीतून धान्याचे अंकुर मान वर काढतात आणि अवघ्या महाराष्ट्राचे मन तुळजापूर, कोल्हापूर, माहूर व वणी या स्थानांकडे धाव घेते. कोणी सप्तशतीचा पाठ करतो, कोणी उपवास, कोणी अनवाणी चालण्याचे व्रत घेतो. ज्याच्याजवळ जे असेल ते त्याने आईच्या चरणी वाहावे, अशी ही नऊ दिवसांची रीत आहे. या मंगल पर्वावर जगदंबेच्या एका अशा उपासकाचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे असे आम्ही योजिले आहे, की ज्याने आईच्या चरणी फुलांबरोबर तालाची अक्षरे वाहिली. दक्षिणेत त्याचे नाव घेताच गवई हात जोडतात. आपल्याकडे ते नाव तितकेसे परिचित नाही. आणि तो ज्या नगरीत राहिला, गायिला व देवीचरणी विलीन झाला, ती नगरी मराठ्यांचीच राजधानी होती, हे तर फारच थोड्यांस ठाऊक असते. ती नगरी तंजावर आणि तो उपासक श्यामाशास्त्री.

कर्नाटक संगीतात तिघा वाग्गेयकारांस त्रिमूर्ती म्हणून मान आहे. श्यामाशास्त्री यांचा जन्म 1762 सालचा, त्यागराजांचा 1767 सालचा आणि मुत्तुस्वामी दीक्षित त्यांच्याहून काही वर्षांनी लहान. तिघांचेही जन्मस्थान एकच, कावेरीच्या मुलखातील तिरुवारूर हे शिवक्षेत्र. एकाच गावात, अवघ्या पंधरा वर्षांच्या आत, असे तीन पुण्यपुरुष जन्मास यावेत ही ईश्वराची योजनाच म्हणावी लागेल. त्यागराजांनी श्रीराम गायिला, दीक्षितांनी क्षेत्रोक्षेत्रींच्या देवता गायिल्या आणि वयाने थोरल्या श्यामाशास्त्र्यांनी एक आईच गायिली.

सुवर्णमूर्तीचा प्रवास

हे चरित्र समजावयाचे तर आधी एका मूर्तीची कथा ऐकली पाहिजे. कांचीपुरम् हे कामाक्षीचे महापीठ. तेथील देवीची एक सुवर्णमूर्ती होती. तेलुगू भाषेत सोन्याला बंगारू म्हणतात, म्हणून तिचे नाव बंगारू कामाक्षी. स्वाऱ्या व लुटालुटीच्या धामधुमीत मूर्तीस अपाय होईल या भयाने पुजाऱ्यांनी ती कांचीहून हलविली. पुढे कित्येक वर्षे ती स्थळोस्थळी फिरत राहिली. राजाराम महाराजांच्या वास्तव्यामुळे मराठी वाचकांस परिचित असलेली जिंजी, मग उडयारपाळयम्, मग तिरुवारूर असा तिचा प्रवास सांगतात. वाटेत सोन्याची कांती कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून देवीच्या अंगावर सुगंधी काळा लेप लावला होता, अशी परंपरा आहे.

आपल्या वारकऱ्यांस या कथेत नवल वाटणार नाही. पंढरीचा विठुराया विजयनगरास गेला आणि भानुदासांनी त्यास परत आणिले, ही कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आहोत. देव संकटात नसतो, संकटात भक्त असतात. पण आपल्याबरोबर रानोमाळ हिंडण्याचे कष्ट देव सोसतो, इतकेच अशा कथांचे तात्पर्य. बंगारू कामाक्षी मात्र कांचीस परतली नाही. तिच्याबरोबर चालणारे पुजारी तिच्याबरोबरच राहिले, आणि त्याच पुजाऱ्यांच्या कुळात विश्वनाथ अय्यर व वेंगलक्ष्मी या दांपत्याच्या पोटी आमच्या चरित्रनायकाचा जन्म झाला. कृत्तिका नक्षत्रावर जन्मलेल्या त्या बालकाचे नाव वेंकटसुब्रह्मण्य असे ठेविले. घरात मात्र लाडाने श्यामकृष्ण म्हणत. पुढे रचनांत त्यांनी हीच मुद्रा घातली आणि जगाने त्यांस श्यामाशास्त्री म्हटले.

1781 च्या सुमारास हैदरअलीच्या स्वारीने तंजावर प्रांत होरपळला. तिरुवारूर उघडे पडले, तेव्हा पुजाऱ्यांनी आईला तंजावरच्या तटबंदीच्या आत आणिले. गादीवर दुसरे तुळजाजी राजे होते. व्यंकोजीराजांच्या वंशातील या राजाच्या नावातच आपली कुलस्वामिनी वसलेली. आदिशक्ती दाराशी आली असता भोसल्यांच्या घराण्याने पाठ फिरविणे शक्यच नव्हते. राजाश्रय मिळाला, पश्चिम राजवीथीवर देवीचे मंदिर उभे राहिले, पूजेअर्चेची तरतूद झाली. कांचीची देवी मराठ्यांच्या नगरीत स्थिरावली, ती आजतागायत तेथेच आहे.

संन्याशाची देणगी

तरुण श्यामकृष्णाचे संस्कृत व तेलुगूचे अध्ययन वडिलांपाशी झाले. स्वरांची प्राथमिक ओळख मामांकडून झाली. पण घरची वृत्ती पुजारीपणाची. गाणे हे काही कुलाचे काम नव्हे. आईची पूजा करावी, नैवेद्य दाखवावा, उत्पन्नाचा हिशेब ठेवावा, हीच त्याची पुढील वाट ठरल्यासारखी होती.

अशा वेळी एक संन्यासी चातुर्मास्यासाठी तंजावरास आले. ते मूळचे आंध्र प्रांतीचे, काशीहून आलेले आणि गानविद्येत असे पारंगत की लोक त्यांस संगीतस्वामी याच नावाने ओळखत. विश्वनाथ अय्यरांच्या घरी त्यांची भिक्षा होत असे. मुलाचा कंठ व बुद्धी पाहून स्वामींनी त्यास जवळ घेतले आणि तीन वर्षे विद्यादान केले. राग व ताल या दोहोंचेही शास्त्र त्यांनी शिकविले. त्यातही तालाचे प्रस्तार, म्हणजे एका मापात लघुगुरूंच्या किती रचना बसतात याची पद्धतशीर मांडणी, हे त्या शिकवणीचे मर्म होते. आपल्याजवळचे दुर्मिळ ग्रंथही त्यांनी शिष्यास दिले आणि निघताना एकच आज्ञा केली. शास्त्र पुरे झाले. आता पुष्कळ ऐकावे आणि विशेषेकरून दरबारचे गायक पच्चिमिरियम् आदिअप्पय्या यांचे गाणे ऐकावे.

हे आदिअप्पय्या म्हणजे भैरवी रागातील, अट तालातील त्या थोर वर्णाचे कर्ते, जे शिकल्यावाचून आजही दक्षिणेत कोणी गवई होत नाही. त्यांनी या तरुणावर मित्रवत् प्रेम केले. परंपरा सांगते की, एकदा तांबूल चघळीत बोलताना त्यांच्या मुखातील थेंब शास्त्र्यांच्या वस्त्रावर उडाला. ते ओशाळले, परंतु शास्त्र्यांनी तो गुरूचा प्रसाद मानून पुसूही दिला नाही. ज्यास विद्या घ्यावयाची त्याने अभिमान कोठे ठेवावा, हे या लहानशा प्रसंगात दिसून येते.

तालशास्त्राची मांडणी

श्यामाशास्त्र्यांची थोरवी कळण्यासाठी दक्षिणेतील तालांची व्यवस्था थोडी जाणून घेतली पाहिजे. वाचकांनी कंटाळू नये. ज्यास टाळ धरता येतो त्यास हे कठीण नाही.

तेथे गायक मांडीवर हाताने ताल धरतो. टाळी देऊन मग बोटे मोजली की तो लघु. टाळी देऊन हात उताणा केला की तो द्रुत, त्याची अक्षरे दोन. नुसती टाळी म्हणजे अनुद्रुत, त्याचे अक्षर एक. या तीन अंगांच्या जुळणीतून ध्रुव, मठ्य, रूपक, झंप, त्रिपुट, अट आणि एक असे सात मुख्य ताल सिद्ध होतात. लघूची लांबी मात्र ठराविक नाही. तो तीन अक्षरांचा असेल तर जाती त्र्यस्र, चारांचा चतुरस्र, पाचांचा खंड, सातांचा मिश्र आणि नवांचा संकीर्ण. सात तालांस पाच जाती लाविल्या की पस्तीस ताल झाले. प्रत्येक अक्षराचे पुन्हा तीन, चार, पाच, सात वा नऊ भाग करावेत, म्हणजे पाच गती. त्यांनी गुणता संख्या 175 होते.

उदाहरणे घ्यावीत. चतुरस्र जातीचा त्रिपुट म्हणजे चार, दोन, दोन अशी आठ अक्षरे. हाच दक्षिणेतील आदिताल. आपल्या भजनी ठेक्याच्याही मात्रा आठच. खंड जातीचा अट म्हणजे पाच, पाच, दोन, दोन अशी चौदा अक्षरे. आदिअप्पय्यांचे वर्ण याच तालात आहे. या पस्तिसांत सर्वांत लहान तीन अक्षरांचा त्र्यस्र एकताल आणि सर्वांत मोठा संकीर्ण ध्रुव, त्याची अक्षरे एकोणतीस. या सात तालांच्या अलंकारांचा पाठ मुलांस घालून देण्याचे श्रेय परंपरा पुरंदरदासांस देते. त्यांचा काळ 1484 ते 1564 असा मानतात. ते विठ्ठलाचे दास, म्हणजे आपल्याच घरचे. श्यामाशास्त्र्यांचे समकालीन मुत्तुस्वामी दीक्षित यांनी सूर्यापासून शनीपर्यंतच्या सात ग्रहांवर कृती रचिल्या, त्यांत हे सातही ताल योजून दाखविले.

परंतु या सुटसुटीत व्यवस्थेच्या आधीची एक जुनी, विशाल व्यवस्था आहे. भरतमुनींच्या परंपरेतील मार्गताल पाच. त्यानंतर प्रांतोप्रांती रूढ झालेले देशी ताल. या देशी तालांची मोठी नोंद कोठे झाली म्हणाल, तर आपल्या देवगिरीस. यादवराजा सिंघण याच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात संगीतरत्नाकर हा ग्रंथ रचिला आणि त्यात 120 देशी ताल दिले. पुढे दक्षिणेत अष्टोत्तरशत, म्हणजे 108 तालांची मालिका मान्यता पावली. या व्यवस्थेत अंगे सहा : अनुद्रुत एक अक्षराचा, द्रुत दोहोंचा, लघु चारांचा, गुरू आठांचा, प्लुत बारांचा आणि काकपद सोळा अक्षरांचे. संस्कृत छंदःशास्त्र जाणणाऱ्यास ही नावे ऐकताच ओळख पटेल. लघु, गुरू, प्लुत हे आपल्या व्याकरणातील व वृत्तांतीलच मात्राभेद. पिंगलाच्या प्रस्ताराचा हात धरूनच तालाचा प्रस्तार चालत आला आहे. काव्य आणि ताल ही एकाच मातेची लेकरे होत.

या 108 तालांत सर्वांत लांब तो सिंहनंदन. त्यात सहा गुरू, सहा लघु, तीन प्लुत, दोन द्रुत व शेवटी एक काकपद अशी अठरा अंगे येतात. बेरीज करून पाहावी. 48, 24, 36, 4 आणि 16 मिळून 128 अक्षरे होतात. एक आवर्तन पुरे होईपर्यंत आदितालाची सोळा आवर्तने होऊन जातात. आणि अंगांचा क्रमही सरळ नाही. कोठे दोन गुरू लागोपाठ, कोठे मध्येच द्रुतांची जोडी, आणि शेवटच्या काकपदात तर टाळीही नाही, केवळ हाताची निःशब्द हालचाल. अशा तालात पल्लवी बांधून ती फिरविणे म्हणजे अंधाऱ्या रात्री दोरावरून चालण्यासारखे आहे.

सात अक्षरांची वाट

इतके सारे शास्त्र हाती असूनही श्यामाशास्त्र्यांचे मन रमले ते एका साध्या तालात. पस्तीस तालांच्या कोष्टकात न बसणारे, लोकगीतांतून व नृत्यगीतांतून वर आलेले काही ताल आहेत, त्यांस चापू म्हणतात. त्यांत बोटे मोजावयाची नसतात, केवळ टाळ्यांवर चालावयाचे. मिश्र चापू सात अक्षरांचा, तीन आणि चार अशा विषम पावलांचा. आपल्याकडील रूपक तालही सात मात्रांचाच. दक्षिणेत रूपक म्हणतात तो मात्र दोन व चार मिळून सहा अक्षरांचा, ही नावांतील गफलत ध्यानी ठेवावी.

या सात अक्षरांच्या चालीस शास्त्र्यांनी अपूर्व प्रतिष्ठा दिली. तीन-चारची पावले उलटवून चार-तीन केली की तो विलोम चापू. पूर्वीकल्याणी रागातील त्यांची एक कृती या विलोम चालीची म्हणून प्रसिद्ध आहे. गीताचा उठाव समेवर न ठेवता किंचित आधी वा नंतर ठेवण्याचे, म्हणजे अतीत व अनागत ग्रहांचे, चातुर्य त्यांच्या रचनांत जागोजाग दिसते. सावेरी रागातील त्यांची एक संस्कृत कृती तर दोन तालांत गाता येते. आदितालाच्या आठ अक्षरांस त्र्यस्र गती दिली की चोवीस भाग होतात, आणि रूपकाचे एक आवर्तन चतुरस्र गतीने बारा भागांचे धरले की दोन आवर्तनांचे चोवीसच होतात. गीत तेच, हात मात्र दोन प्रकारे चालतो. ऐकणाऱ्यास यातले काही जाणवत नाही. त्यास ऐकू येते ते लेकराचे आईला आळविणे. शास्त्र इतके पचनी पडावे की ते दिसूच नये, हीच तर विद्येची परिपक्वता.

दरबारातील कसोटी

आता त्या प्रसंगाकडे वळू, ज्यामुळे श्यामाशास्त्र्यांचे नाव तालाच्या इतिहासात अमर झाले. परंपरेने ही कथा जतन केली आहे आणि दक्षिणेतील हरिकथाकार ती आजही रंगवून सांगतात.

आंध्र प्रांतातील बोब्बिली येथील केशवय्या नावाचे एक गायक त्या काळी दिग्विजयास निघाले होते. अवघे भूमंडळ चटईसारखे गुंडाळून काखोटीस मारणारा अशा अर्थाची बिरुदावली ते मिरवीत. गावोगावच्या विद्वानांस आव्हान द्यावे, जिंकावे आणि त्यांच्याकडून पराजयाची कबुली घ्यावी, असा त्यांचा क्रम. तंजावर म्हणजे विद्येचे माहेरघर. तेथील दरबारात येऊन त्यांनी आव्हान दिले, तेव्हा मोठमोठे गवई गप्प बसले. केशवय्या तालात अजिंक्य होते. दरबाराची लाज राखणारा कोण, असा प्रश्न पडला आणि सर्वांच्या दृष्टी पश्चिम राजवीथीवरील देवीच्या पुजाऱ्याकडे वळल्या.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. श्यामाशास्त्री हे काही दरबारचे नोकर नव्हते. देवीच्या उत्पन्नावर त्यांचे घर सुखाने चालत होते. जिंकून त्यांस काही मिळवावयाचे नव्हते, आणि हरले असते तर मात्र सर्वस्व जात होते. कारण त्यांचे गाणे हीच त्यांची पूजा होती आणि पराभूताचे गाणे पुन्हा कोणत्या तोंडाने आईपुढे गावे? ते नाही म्हणू शकले असते. परंतु ज्या नगरीने आपल्या आईला आसरा दिला तिच्या मानाचा प्रश्न होता. त्यांनी होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सभा ठरली.

त्या रात्री ते गर्भगृहात बसले. चिंतामणी हा राग क्वचितच कोणी गातो. त्या रागात त्यांनी आईस साकडे घातले की, रक्षण करण्याची वेळ हीच आहे. ती कृती आजही गातात आणि तिचे स्वर ऐकताना त्या रात्रीची व्याकुळता कानी येते. ज्याने तालाचे सारे प्रस्तार मुखोद्गत केले, तो सभेच्या आदल्या रात्री प्रस्तार घोकीत बसला नाही, आईच्या पायांशी बसला. विद्या पुरेपूर असावी, पण भरवसा विद्येवर नसावा.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. राग झाले, तान झाले. मग केशवय्यांनी आपले अमोघ अस्त्र काढिले आणि सिंहनंदन तालात पल्लवी मांडली. 128 अक्षरांचे ते अफाट आवर्तन. सभा श्वास रोधून ऐकत राहिली. श्यामाशास्त्र्यांनी ती पल्लवी शांतपणे जशीच्या तशी गाऊन दाखविली. आणि मग आपल्या वतीने त्यांनी एक असा ताल पुढे केला, जो 108 तालांच्या मालिकेत नव्हताच. त्याचे नाव शरभनंदन, अक्षरे 79. केशवय्यांस त्याचा ठाव लागला नाही. त्यांनी पराभव मान्य केला आणि तंजावरच्या विद्येची पत राहिली.

मौज अशी की, शरभनंदन हा सिंहनंदनाहून लहान आहे. मग तो अवघड कसा? आम्हांस वाटते, याचे मर्म गणितात आहे. 128 ही संख्या दोहोंनी भागत भागत थेट एकापर्यंत येते. आठ-आठाची चाल मनात धरणारा गायक सिंहनंदनाच्या शेवटी बरोबर घरी येतो. 79 ही संख्या मात्र एकाखेरीज कोणत्याच संख्येने भागत नाही. तीन-तीन मोजा, चार-चार मोजा, पाच, सात वा नऊ मोजा; प्रत्येक वेळी शेष उरतो. चार अक्षरांची मात्रा धरली तर पावणेवीस मात्रा होतात, म्हणजे शेवटचा पाव हिस्सा निसटतोच. मनातला कोणताही सवयीचा ठेका तेथे उपयोगी पडत नाही. लांबी पाठांतराने जिंकता येते. पण जेथे प्रत्येक आवर्तनात सवय फसवते, तेथे अखंड सावधानताच लागते. समर्थांनी ज्या सावधपणावर एवढा भर दिला, तोच हा सावधपणा.

शरभ हेच नाव का?

तालाच्या नावातही विद्वत्तेचा एक सूक्ष्म विनोद आहे. शरभ म्हणजे संस्कृत काव्यांतील आठ पायांचा, सिंहाहूनही बलवान असा अद्भुत पशू. कालिदासाने मेघदूतात हिमालयाच्या वर्णनात मेघावर झेपावू पाहणारे शरभ आणिले आहेत. महाराष्ट्रातील कित्येक किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभाची शिल्पे कोरलेली आहेत, ती वाचकांनी पाहिली असतील. शैव पुराणांत नृसिंहाचा अनावर क्रोध शांत करण्यासाठी शिवाने शरभरूप घेतल्याची कथा आहे आणि कुंभकोणम्‌जवळच्या त्रिभुवनम् येथे शरभेश्वराचे स्थान प्रसिद्ध आहे. सिंहास शरभ, म्हणून सिंहनंदनास शरभनंदन! सभेतील पंडितांस हे नाव ऐकताच उत्तर कळले असणार. यात हरिहरांत भेद पाहण्याचे कारण नाही. मस्तकी शिव धारण करणाऱ्या विठ्ठलाच्या लेकरांस तर मुळीच नाही. कथेचा अर्थ एवढाच की, अनावर झालेल्या बळास शांत करणारे बळ निराळे असते.

रत्नत्रय

हा विजय मिळाल्यावर श्यामाशास्त्री दिग्विजयास निघाले नाहीत. ते पुन्हा गाभाऱ्यात परतले. शुक्रवारी देवीपुढे बसून गावे, नवे काही स्फुरले तर तिलाच प्रथम ऐकवावे, हा त्यांचा नेम. मदुरेस जाऊन त्यांनी मीनाक्षीवर नवरत्नमालिका नावाने नऊ कृती अर्पिल्या. त्यांनी एकंदर सुमारे तीनशे रचना केल्याचे सांगतात, परंतु आज त्यांपैकी थोड्याच उपलब्ध आहेत. बहुतेक तेलुगूत, काही संस्कृतात, थोड्या तमिळमध्ये.

त्यांतील मुकुटमणी म्हणजे तीन स्वरजती. भैरवी, यदुकुलकांभोजी आणि तोडी या रागांतल्या. स्वरजती हा मुळात नर्तनासाठीचा प्रकार. शास्त्र्यांनी त्यातील नृत्याचे बोल बाजूस ठेवून तो शुद्ध गानाचा व भक्तीचा प्रकार केला. पहिल्या दोन मिश्र चापूत आहेत, तिसरी आदितालात. भैरवीतील स्वरजतीची चरणे तर षड्‌जापासून आरंभ करून एकेक स्वर वर चढत तार षड्‌जाशी पोहोचतात; पायरी पायरीने चढून भक्त गाभाऱ्याशी उभा राहावा तसे. दक्षिणेत या तिघींस रत्नत्रय म्हणतात.

रसिक तिघा वाग्गेयकारांची तुलना तीन फळांशी करितात. त्यागराजांची वाणी द्राक्षासारखी, मुखात घालताच रस. दीक्षितांची नारळासारखी, कवच फोडल्यावर गोडी. आणि श्यामाशास्त्र्यांची केळीसारखी, साल तेवढी अलगद सोलली पाहिजे. ती साल म्हणजे ताल. ती सोलण्याचे कष्ट सर्वांस झेपत नाहीत. त्यातच शास्त्र्यांस पोटासाठी शिष्य जमविण्याची गरज नव्हती. त्यामुळे त्यांच्या शिष्यांची संख्या थोडी आणि रचनांचा प्रसार त्यागराजांच्या मानाने मर्यादित राहिला. पण जे टिकले ते निर्मळ टिकले.

अखेर

प्रौढ वयात पत्नीचा वियोग झाला आणि त्यानंतर अवघ्या काही दिवसांतच, 6 फेब्रुवारी 1827 रोजी, श्यामाशास्त्री तंजावर येथे देवीचरणी लीन झाले. आपला अंत जवळ आल्याचे त्यांनी आधीच जाणिले होते, असे परंपरा सांगते. गादीवर त्या वेळी विद्याप्रेमी दुसरे सरफोजी राजे होते. धाकटे पुत्र सुब्बराय शास्त्री यांनी पित्याचा वारसा चालविला. त्यांनी त्यागराजांपाशीही अध्ययन केले. सुब्बरायांनी दत्तक घेतलेले अण्णास्वामी शास्त्री यांनीही रचना केल्या, आणि अशा रीतीने देवीच्या पूजेबरोबर गाण्याची परंपराही त्या घराण्यात पुढे गेली.

सिंहनंदनाची परंपराही संपली नाही. महावैद्यनाथ अय्यर यांनी त्या तालात कानडा रागाचा तिल्लाना रचिला. याच अय्यरांनी तंजावरच्या लावणी व्यंकटराव कवींच्या मराठी पदावलीस बहात्तर मेळकर्त्यांच्या रागमालिकेत बांधले होते. कावेरीकाठी मराठी अक्षरे कर्नाटकी स्वरांत अशी न्हाऊन निघाली आहेत. समर्थांच्या शिष्यपरंपरेने तंजावर प्रांती मठ स्थापिले, आपले कीर्तन तेथे गेले, आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्ते तेथल्या हरिकथेत आजही नांदत आहेत. आपण दिले ते त्यांनी जपले. त्यांचे आपण किती घेतले, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या मनास विचारावा.

आम्ही कीर्तनकार रोज टाळ-मृदंगाच्या संगतीत उभे राहतो. ताल हा आम्हांस नियम म्हणून शिकविला जातो. श्यामाशास्त्र्यांनी तो नेम म्हणून पाळला. नियम चुकला तर माणसे हसतात, नेम चुकला तर आईची वाट पाहणारी दृष्टी आठवते. ज्याने एकोणऐंशी अक्षरांत एकही अक्षर निसटू दिले नाही, त्याने दिवसाच्या चोवीस तासांतही आईचे स्मरण निसटू दिले नसेल, असे आम्हांस निश्चयाने वाटते.

या नवरात्रात घटापुढे आरती म्हणताना घरातील लहान मूल टाळी चुकले तर त्यावर रागावू नये. त्याचा हात हळूच धरून सम दाखवावी. बंगारू कामाक्षीने आपल्या पुजाऱ्याचा हात असाच धरला होता. ती आदिशक्ती, मग ती तुळजापूरची असो वा तंजावरची, आपणा सर्वांच्या आयुष्याची आवर्तने निभावून नेवो आणि शेवटी समेवर, म्हणजे आपल्या चरणांवर, सुखरूप आणून सोडो, हीच तिच्या पायी प्रार्थना.